मोफत अँटिव्हायरसच्या जाहिराती: ओळखायच्या कशा, थांबवायच्या कशा आणि गरज पडल्यास तो काढायचा कसा

ठाण्यातल्या नौपाड्यात, आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी इमारत त्यांना बाई म्हणते, म्हणून मीही इथे तसेच म्हणेन. गेल्या पावसाळ्यात बाईंनी घंटाळीजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह नेऊन काही कागद छापून घेतले आणि घरी येऊन तोच पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात अँटिव्हायरसची चौकट उघडली. बाईंनी ती न वाचता फुलीवर क्लिक करून बंद केली, कारण त्याच जागी, त्याच रंगात आणि तशाच आवाजासह उघडणारी चौकट त्या आठ महिने रोज दोन-तीन वेळा बंद करत आल्या होत्या. कधी तिच्यात संगणक मंदावल्याचे लिहिलेले असे, कधी ‘तुमचा पत्ता सर्वांना दिसतो आहे’ अशी भीती घातलेली असे, कधी आजच संपणारी सवलत असे. त्या दिवशीची चौकट मात्र खरी होती. पेन ड्राइव्हवरच्या एका फाइलचे नाव देऊन तिचे काय करायचे, एवढेच त्या चौकटीने विचारले होते. संध्याकाळपर्यंत पेन ड्राइव्हवरचे सगळे फोल्डर दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट उरले. फोल्डर पुसले गेले नव्हते, लपवले गेले होते, त्यामुळे ते परत मिळाले.

या प्रसंगात चूक बाईंची होती असे मला मुळीच वाटत नाही. ज्या चौकटीने इशारा द्यायचा, तिच्यातूनच आठ महिने विक्री केली गेली, आणि माणूस त्या चौकटीकडे दुर्लक्ष करायला शिकला. म्हणून मोफत अँटिव्हायरसमधल्या जाहिरातींकडे मी केवळ त्रास म्हणून पाहत नाही. त्या सुरक्षेतच पाडलेले भगदाड आहेत. खाली दिलेली पद्धत मी आमच्या इमारतीत आणि ऐरोली-नेरुळला राहणाऱ्या नातेवाइकांच्या घरी वापरतो. पडद्यावर उरणाऱ्या प्रत्येक सूचनेला अर्थ असावा, एवढाच तिचा हेतू आहे. क्रम विंडोज १० आणि ११ साठी लिहिला आहे. मेनूतली नावे आवृत्तीनुसार थोडी बदलू शकतात, तेव्हा एखादे नाव सापडले नाही तर सेटिंग्जमधल्या शोधाच्या चौकटीत ते टाइप करावे.

आधी बोलणारा कोण आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण ‘अँटिव्हायरसच्या जाहिराती येतात’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या संगणकावर त्या जाहिराती अनेकदा अँटिव्हायरसच्या नसतातच. कोपऱ्यातली चौकट तीन ठिकाणांहून येऊ शकते: बसवलेल्या अँटिव्हायरसकडून, ब्राउझरला कधीतरी परवानगी देऊन बसलेल्या एखाद्या संकेतस्थळाकडून, किंवा दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप शिरलेल्या प्रोग्रॅमकडून. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. बोलणारा न ओळखता अँटिव्हायरस काढून टाकला, तर चौकटी तशाच येत राहतात आणि माणूस पुरता गोंधळतो.

दोन दिवस एक कागद जवळ ठेवा. चौकट आली की तिच्यावर कुठेही क्लिक करू नका. वेळ, चौकटीवरचे नाव, मजकूर आणि बटणांवर काय लिहिले आहे ते उतरवून घ्या, शक्य असल्यास फोनने फोटो काढा. चौकट विंडोजच्या नोटिफिकेशनच्या रूपात आली असेल, तर तिच्या वरच्या कडेला पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव असते. तिथे क्रोम किंवा एज लिहिलेले असेल आणि खाली बारीक अक्षरात एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता असेल, तर मजकुरात कोणत्याही प्रसिद्ध अँटिव्हायरसचे नाव आणि चिन्ह असले तरी ती सूचना ब्राउझरमधून आलेली आहे. तुमच्या संगणकात काय आहे हे त्या संकेतस्थळाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे ‘पाच व्हायरस सापडले’ हे वाक्य निव्वळ खोटे समजावे.

चौकटीची घडण वेगळी असेल आणि तिच्यावर नाव नसेल, तर ती उघडी असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. ‘प्रोसेसेस’च्या यादीत संशयित नावावर उजवे क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले, की तो प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरमध्ये राहतो ते दिसते, आणि बहुतेक वेळा फोल्डरच्या नावावरून मालकही कळतो.

मजकुरावरूनही बराच निवाडा करता येतो. खरा इशारा ठरावीक गोष्टी सांगतो: फाइलचे नाव, ती कुठे सापडली, धोक्याचा प्रकार कोणता, आणि ती अलग ठेवली, पुसली की तुमच्या निर्णयाची वाट पाहत आहे. जाहिरात ‘समस्या’, ‘धोके’, ‘कचरा’ असे मोघम शब्द आणि मोठा आकडा देते, आणि तिचे बटण शेवटी किमतीच्या पानावर नेते. शंका आली तर चौकटीतून आत जाऊच नये. ती बंद करून अँटिव्हायरस स्वतः उघडावा आणि त्याच्या ‘हिस्ट्री’, ‘क्वारंटाइन’ (अलग ठेवलेल्या फाइलींचा कप्पा) किंवा ‘रिपोर्ट्स’ या भागात त्या वेळेची नोंद आहे का ते पाहावे. खऱ्या धोक्याची नोंद तिथे असतेच.

ब्राउझरमधून येणारा गोंगाट

कागदावरच्या नोंदींत ब्राउझरचे नाव आले असेल, तर हे काम पाच मिनिटांचे आहे. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांतून ‘सेटिंग्ज’, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’ आणि ‘नोटिफिकेशन्स’ इथपर्यंत जावे. परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी समोर येईल. फुकट चित्रपट, गाण्यांचे डाउनलोड, परीक्षांच्या निकालांची नक्कल केलेली पाने अशी अनोळखी नावे तिथे हमखास सापडतात. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ अशा फसव्या वाक्याला भुलून ती परवानगी दिली गेलेली असते. ओळखीची नसलेली सगळी नावे काढावीत आणि वरचा पर्याय असा ठेवावा, की पुढे कोणत्याही संकेतस्थळाला परवानगी मागताच येणार नाही. एजमध्येही सेटिंग्जच्या शोधात ‘नोटिफिकेशन्स’ लिहिले की हीच सोय मिळते.

तिथेच असताना एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, यादीही पाहावी. अँटिव्हायरसबरोबर आलेले ‘सुरक्षित शोध’ किंवा खरेदीच्या कूपनचे एक्स्टेन्शन शोधयंत्र बदलते आणि उघडलेल्या पानांवर स्वतःच्या पट्ट्या लावते. तुम्ही जाणीवपूर्वक बसवलेले नसेल, तर ते ठेवण्याचे काही कारण नाही.

पूर्ण पडदा व्यापणारे, भोंगा वाजवणारे आणि एखाद्या क्रमांकावर फोन करायला सांगणारे पान हा याच जातीतला सर्वांत घातक प्रकार आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-संदेशात फोन क्रमांक कधीही नसतो, ही एक गोष्ट घरातल्या ज्येष्ठांना नक्की सांगून ठेवावी. अशा वेळी एस्केपची कळ काही क्षण दाबून धरावी. नाही जमले तर ऑल्ट आणि एफ४, आणि तेही नाही जमले तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना ‘आधीची पाने परत आणू का’ या प्रश्नाला नकार द्यावा.

अँटिव्हायरसच्याच जाहिराती कमी करणे

आता खुद्द अँटिव्हायरसकडे वळू. त्याच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘जनरल’ किंवा तशाच नावाच्या भागात नोटिफिकेशन्स आणि प्रायव्हसी असे दोन पर्याय बहुधा असतात. नोटिफिकेशन्समध्ये ‘ऑफर्स’, ‘न्यूज’, ‘टिप्स’ अशा शब्दांपुढच्या खुणा काढाव्यात आणि धोक्याच्या सूचना तशाच चालू ठेवाव्यात. अनेक मोफत आवृत्त्यांत ऑफर्सची खूण काढताच येत नाही, किंवा ती काढू गेल्यास पैसे भरण्याचे पान उघडते. जाहिरात न दाखवणे हीच तिथे विक्रीची वस्तू असते, आणि मोफत अँटिव्हायरसमधली ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते.

प्रायव्हसीच्या भागात ‘उत्पादन सुधारण्यासाठी’ किंवा ‘तिसऱ्या पक्षांबरोबर’ माहिती वाटण्याच्या ज्या खुणा असतील, त्या सर्व काढाव्यात. ही काळजी पोकळ नाही. अव्हास्ट या कंपनीने जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती इतर कंपन्यांना विकल्याचे जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केले आणि त्याच महिन्यात जम्पशॉट बंद करण्यात आली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यावर बंदी घातली. शंभराहून अधिक कंपन्यांना ही माहिती दिली गेली, असे कमिशनचे म्हणणे होते. पहारा देणाऱ्यानेच कपाटातली यादी बाहेर विकावी, असा हा प्रकार होता.

त्यानंतर जोडप्रोग्रॅम पाहावेत. मोफत अँटिव्हायरस बसवताना व्हीपीएन (इंटरनेटवर आपला पत्ता झाकणारा प्रोग्रॅम), सफाई करणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर अद्ययावत करणारा प्रोग्रॅम आणि वेगळा ब्राउझर असा सगळा गोतावळा सोबत येतो, आणि त्यातला प्रत्येक जण स्वतंत्रपणे चौकटी उघडतो. काही अँटिव्हायरसमध्ये ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’च्या यादीतून ‘मॉडिफाय’ किंवा ‘चेंज’ निवडल्यावर कोणते भाग ठेवायचे ते ठरवता येते. तिथे फाइलींचे, वेबचे आणि ईमेलचे संरक्षण ठेवून बाकीचे काढावे. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात या गोतावळ्यातले जे प्रोग्रॅम संगणकाबरोबर आपोआप सुरू होतात, तेही बंद करावेत.

दोन उपाय लोक सुचवतात, पण मी ते सुचवत नाही. पहिला म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जमधून त्या अँटिव्हायरसची सगळी नोटिफिकेशन्स बंद करणे. त्याने जाहिरातीबरोबर इशाराही बंद होतो, म्हणजे बाईंच्या हातून जे नकळत घडले तेच आपण जाणूनबुजून कायमचे करून ठेवतो. दुसरा म्हणजे जाहिरात दाखवणारी फाइलच अडवून ठेवणे. अवीराची मोफत आवृत्ती एकेकाळी रोज एक मोठी जाहिरात दाखवत असे, आणि ती दाखवणारी ‘एव्हीनोटिफाय’ नावाची फाइल चालू न देण्याच्या युक्त्या तेव्हा सर्वत्र फिरत होत्या. नवी आवृत्ती आली की अशी युक्ती निकामी होते. शिवाय अँटिव्हायरस स्वतःच्या फाइलींचे रक्षण करत असल्यामुळे, ते रक्षण आधी उतरवल्याशिवाय ती साधतही नाही.

तो हवाच आहे का?

इतके करूनही जाहिराती येत राहिल्या, तर हा प्रश्न सरळ विचारावा. आपल्यापैकी अनेकांची समजूत विंडोज एक्सपीच्या काळातली आहे. तेव्हा संगणक घेतला की दुकानदार अँटिव्हायरसचे खोके सोबत देई आणि वर्षभराने त्याची मुदत वाढवायला माणूस पुन्हा दुकानात जाई. ती समजूत त्या काळी बरोबरच होती. पुण्याच्या क्विक हीलसारखी कंपनी त्याच गरजेतून उभी राहिली. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स हा मोफत अँटिव्हायरस आणला, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच पूर्ण वाढीचा अँटिव्हायरस विंडोजमध्येच येऊ लागला. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र प्रयोगशाळा नियमितपणे वेगवेगळ्या अँटिव्हायरसच्या चाचण्या घेतात आणि त्यांत डिफेंडरचाही समावेश असतो. त्यांचे ताजे निकाल कोणालाही वाचता येतात.

घरगुती वापर, वेळच्या वेळी अद्ययावत होणारे विंडोज आणि ठरावीक ठिकाणांहूनच सॉफ्टवेअर घेण्याची सवय, या तीन गोष्टी असतील तर डिफेंडर पुरेसा आहे, असे माझे मत आहे. दुकानाचा हिशेब, ग्राहकांची कागदपत्रे किंवा अनेक संगणक एका जाळ्यात असतील, तर विकतचा अँटिव्हायरस विचारपूर्वक घ्यावा. मात्र पैसे दिले की जाहिराती थांबतीलच असे गृहीत धरू नये, कारण मुदत संपत आल्याच्या आणि वरच्या दर्जाची आवृत्ती घेण्याच्या चौकटी विकतच्या आवृत्तीतही येतात.

एका मोफत अँटिव्हायरसला कंटाळून दुसरा बसवण्याआधी त्यांचे मालक पाहावेत. अव्हास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली. नॉर्टनच्या कंपनीने आधी अवीरा घेतली आणि २०२२ मध्ये अव्हास्टशी विलीनीकरण केले. आज ही चारही नावे जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत.

काढून टाकण्याचा क्रम

घाई केली तर या कामात अर्धवट उरलेले तुकडे राहतात आणि डिफेंडर जागा होत नाही, म्हणून क्रम पाळावा.

महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. त्यानंतर अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये तुमची एखादी कामाची फाइल चुकून अडकली आहे का ते पाहावे, कारण अँटिव्हायरस गेला की ती बहुधा मिळत नाही. विकतची किंवा चाचणीची आवृत्ती असेल, तर तिचे आपोआप नूतनीकरण आधी रद्द करावे. सॉफ्टवेअर काढल्याने वर्गणी थांबत नाही.

मग त्या कंपनीचे स्वतःचे सफाईचे साधन उतरवून ठेवावे. अव्हास्टसाठी अव्हास्ट क्लिअर, एव्हीजीसाठी एव्हीजी क्लिअर, मॅकॅफीसाठी एमसीपीआर अशी साधने त्या त्या कंपन्या मोफत देतात. ते कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. शोधयंत्रात ‘अनइन्स्टॉलर’ असे लिहिल्यावर सर्वांत वर येणाऱ्या प्रायोजित दुव्यांना हात लावू नये, कारण तिथे सफाईच्या नावाखाली दुसरीच घाण मिळते.

आता ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’ आणि विंडोज ११ मध्ये ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’, विंडोज १० मध्ये ‘ॲप्स अँड फीचर्स’ उघडून अँटिव्हायरस ‘अनइन्स्टॉल’ करावा. इथे सावकाश वाचणे फार गरजेचे आहे. ‘संरक्षण चालू ठेवा’ हे बटण मोठे आणि रंगीत असते, तर ‘काढा’ हे शब्द फिक्या अक्षरांत बाजूला असतात. कधी काढण्याऐवजी दुरुस्ती सुचवली जाते, कधी सवलत पुढे केली जाते. बाईंच्या लॅपटॉपवर अशी चार पाने ओलांडावी लागली, आणि त्यातल्या एका पानावर ‘मला असुरक्षित राहायचे आहे’ अशा अर्थाचे वाक्य दाबूनच पुढे जाता येत होते. त्या वाक्याने बाईंचा हात थबकला. अशा पानांमुळे मनात शंका येणे स्वाभाविक आहे, पण त्या धाकात तथ्य नसते, कारण दुसरा अँटिव्हायरस निघाला की विंडोज डिफेंडर आपोआप चालू करते.

संगणक पुन्हा सुरू करून त्याच यादीत कंपनीच्या नावाचे आणखी काही उरले आहे का ते पाहावे. व्हीपीएन, सफाईचा प्रोग्रॅम आणि ब्राउझर यांच्या नोंदी स्वतंत्र असतात, आणि त्या एकेक करून काढाव्या लागतात. त्यानंतरच सफाईचे साधन चालवावे. त्यातली काही साधने सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त अत्यावश्यक भागांसह सुरू करून, चालवायला सांगतात. शिफ्टची कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे, मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, पुन्हा ‘रीस्टार्ट’ आणि शेवटी ४ हा आकडा दाबावा. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क सांकेतिक रूपात बंद असते आणि अशा वेळी रिकव्हरी की, म्हणजे ती डिस्क उघडण्याचा क्रमांक, विचारली जाऊ शकते. बहुधा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. काम सुरू करण्याआधी ती वहीत उतरवून ठेवावी, नाहीतर दुपारभर खोळंबा होतो.

इतके केल्यावरही चौकटी येत असतील, तर तिसऱ्या प्रकारच्या प्रोग्रॅमचा संशय घ्यावा. मालवेअरबाइट्सचे ॲडवक्लीनर हे मोफत साधन इन्स्टॉल न करता चालते आणि जाहिराती दाखवणारे प्रोग्रॅम व नको असलेली टूलबार शोधून काढते. सापडलेल्या गोष्टींची यादी वाचूनच पुढे जावे. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्रही संगणकातले बॉट, म्हणजे दुसऱ्याच्या इशाऱ्यावर चालणारे छुपे प्रोग्रॅम, काढण्याची साधने मोफत देते. सरकारी असूनही फार थोड्या लोकांना ते ठाऊक आहे, याचे मला वाईट वाटते.

डिफेंडर नीट चालतो का ते पाहणे

स्टार्टच्या शोधात ‘विंडोज सिक्युरिटी’ लिहून ते उघडावे. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’, ‘क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन’ आणि ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ ही तिन्ही चालू हवीत. तिथे अजूनही जुन्या अँटिव्हायरसचे नाव दिसत असेल, तर सफाई अपुरी राहिली आहे असे समजून मागच्या पायरीवर परत जावे.

यापुढची एक सेटिंग आपल्या विषयाला थेट लागू आहे. ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ उघडून ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ चालू करावे आणि त्याखालच्या ‘ब्लॉक ॲप्स’ व ‘ब्लॉक डाउनलोड्स’ या दोन्ही चौकोनांत खूण करावी. दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून येणारे, व्हायरस म्हणता येणार नाहीत पण नकोसे असलेले प्रोग्रॅम हा भाग दारातच अडवतो. मे २०२० च्या विंडोज १० अपडेटपासून ही सोय सेटिंग्जमध्ये आली आहे, पण कित्येक संगणकांवर मी ती बंदच पाहिली आहे.

डिफेंडर खरोखर जागा आहे का हे पाहण्यासाठी आयकार नावाची चाचणीची फाइल असते. फक्त ६८ अक्षरांची ही मजकुराची ओळ पूर्णपणे निरुपद्रवी आहे, आणि ती व्हायरस समजून पकडायची, हे अँटिव्हायरस कंपन्यांनी आपसात मान्य केलेले आहे. आयकारच्या संकेतस्थळावरून ती उतरवण्याचा प्रयत्न केला की इशारा यायला हवा. ज्यांनी वर्षानुवर्षे फक्त जाहिराती पाहिल्या आहेत, त्यांना खरा इशारा कसा दिसतो हे दाखवण्यासाठी याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. बाईंना मी हा इशारा तीन वेळा दाखवला आणि त्यातले फाइलचे नाव मोठ्याने वाचायला सांगितले.

विंडोजही स्वतःची जाहिरात करते, हे इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’, ‘नोटिफिकेशन्स’ या पानाच्या तळाशी सूचना आणि सल्ले दाखवण्याचे जे पर्याय आहेत, ते सगळे बंद करावेत. विंडोज सिक्युरिटीमध्ये वनड्राइव्ह किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याबद्दल पिवळी खूण दिसत असेल, तर ‘डिसमिस’ निवडल्याने संरक्षण कमी होत नाही.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी एक गंभीर गोष्ट आहे. त्याची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. डिफेंडरच्या व्हायरस-याद्या मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील, असे कंपनीने सांगितले आहे. या याद्या मिळत आहेत म्हणून संगणक सुरक्षित आहे असे समजू नये. विंडोजमधलीच भोके बुजवली गेली नाहीत, तर डिफेंडर असो वा विकतचा अँटिव्हायरस, कोणीही पुरा पडत नाही. ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो, आणि ज्यांचा संगणक विंडोज ११ घेऊ शकत नाही त्यांनी तो टाळू नये.

पैसे गेले असतील तर

जाहिरातीतून घाबरून वर्गणी घेतली गेली असेल, तर आधी खात्यावर जाऊन आपोआप नूतनीकरण रद्द करावे आणि रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवावा. त्यानंतर बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे ई-मँडेट (ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याची परवानगी) आणि यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपेची यादी तपासून तिथूनही ती परवानगी काढावी. १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळते आणि ती कपात थांबवण्याचा मार्गही दिलेला असतो. तो एसएमएस जाहिरातींच्या गर्दीत हरवतो, म्हणून वर्गणीच्या तारखेच्या आठवडाभर आधी कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.

या सगळ्या युक्त्यांना आपल्या कायद्यात आता नावे आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न्सविषयी, म्हणजे ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या मांडणीविषयी, मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यांत असे १३ प्रकार सांगितले. सतत टोचणी लावणे, नकार देणाऱ्याला अपराधी वाटायला लावणारे वाक्य, खोटी घाई, बाहेर पडू न देणारी वर्गणी, आणि संगणकात व्हायरस असल्याची खोटी भीती घालून पैसे उकळणे, हे सगळे त्या यादीत आहेत. तक्रार करताना ‘फार जाहिराती येतात’ असे न लिहिता यातला नेमका प्रकार लिहावा, सुरुवातीला ठेवलेला कागद आणि फोटो जोडावेत, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा तिच्या पोर्टलवर नोंद करावी. खोट्या इशाऱ्याला भुलून कोणाला संगणकाचा ताबा दिला गेला असेल किंवा पैसे पाठवले गेले असतील, तर मात्र आधी इंटरनेट तोडून लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा, कारण तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही पोलीस आयुक्तालयांकडे सायबर पोलीस ठाणे आहे.

फोनविषयी थोडेसे

अँड्रॉइड फोनवर अँटिव्हायरसच्या नावाखाली चालणारा बाजार संगणकापेक्षाही वाईट आहे. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जने २०१९ मध्ये अशी २५० ॲप तपासली. चाचणीतल्या घातक ॲपांपैकी ३० टक्क्यांहून अधिक ओळखणारी आणि निर्दोष ॲपांवर खोटा आळ न घेणारी त्यांत फक्त ८० निघाली. गूगल प्ले प्रोटेक्ट ही प्ले स्टोअरमधलीच ॲप तपासण्याची सोय चालू आहे ना ते पाहावे आणि अशी ॲप काढून टाकावीत. दुसऱ्या ॲपवर जाहिरात झळकत असेल, तर सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ शोधून ती परवानगी कोणाकोणाकडे आहे ते तपासावे.

घरातल्या ज्येष्ठांसाठी वेगळे खाते

हे शेवटचे काम मी कधीच टाळत नाही. ‘सेटिंग्ज’, ‘अकाउंट्स’मध्ये एक वेगळे ॲडमिनिस्ट्रेटर खाते तयार करून रोजच्या वापराचे खाते ‘स्टँडर्ड यूजर’ करावे. मग अँटिव्हायरससारखा संपूर्ण संगणकात बदल करणारा प्रोग्रॅम बसवायचा म्हटला की विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड विचारते. बाईंच्या लॅपटॉपचा हा पासवर्ड ऐरोलीला राहणाऱ्या त्यांच्या मुलीकडे आहे, आणि लॅपटॉपच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवला आहे. त्यावर मुलीचा क्रमांक, १९३०, आणि बाईंच्याच अक्षरात एक ओळ आहे: ‘फाइलचे नाव लिहिलेले असेल तर बंद न करता फोन करणे.’